जुन्या ट्यूब गिटार ॲम्प्लिफायरमधला हम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ट्यूब ॲम्प्लिफायर सुरू केला की ट्यूब तापेपर्यंत काही सेकंद शांतता असते आणि मग स्पीकरमधून एक खोल, एकसुरी घुमणारा आवाज हळूहळू वर येतो. हा आवाज म्हणजे हम. तो ऐकताच ट्यूब बदलण्याकडे किंवा सगळे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काढून टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु हम आत शिरण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेने आलेला हम कानाला थोडा वेगळा लागतो. म्हणून पुढील उत्तरांमध्ये भर आहे तो आधी नीट ऐकण्यावर, मग नॉब फिरवून पाहण्यावर, आणि चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उघडण्यावर सर्वांत शेवटी.

ॲम्प उघडण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

ॲम्प बंद करून वायर प्लगमधून काढून ठेवली, तरी आतल्या फिल्टर कॅपॅसिटरवर ४०० ते ५०० व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात, आणि एवढा विद्युतदाब माणसाचा जीव घेऊ शकतो. चासीला हात लावण्यापूर्वी १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या क्लिप वायरने प्रत्येक फिल्टर कॅपॅसिटरच्या धन टोकापासून चासीपर्यंत काही सेकंद धरावा आणि मग मल्टिमीटरवर दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये थोडा दाब पुन्हा वर येतो, म्हणून काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत कॅपॅसिटरलाही घातक आहे आणि डोळ्यांनाही.

चालू ॲम्पमध्ये मोजमाप करावे लागले, तर एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा. स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालवू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही लहान जुन्या ॲम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि ५०एल६, ३५झेड५ यांसारख्या ट्यूबचे फिलामेंट (ट्यूब तापवणाऱ्या तारा) एकामागोमाग जोडून थेट मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालवलेले असतात. अशा ॲम्पची चासी मेन्सशी जोडलेली असू शकते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्यात गिटार लावणेही धोक्याचे आहे. ज्यांना ही कामे सवयीची नाहीत, त्यांनी या लिखाणातला फक्त ऐकण्याचा आणि नॉबचा भाग करावा. तंत्रज्ञाचे निम्मे काम तेवढ्यानेच सोपे होते.

हम नेमका कोणत्या स्वराचा आहे, हे ओळखण्याने काय साधते?

खूप काही साधते, आणि ही चाचणी करायला गिटारखेरीज काहीही लागत नाही. मेन्सची वारंवारता काही देशांत ५० हर्ट्झ आहे, तर काही देशांत ६०. फिलामेंटला मिळणारा एसी पुरवठा किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र यांतून येणारा हम मुख्यतः याच मूळ वारंवारतेचा असतो. एसीचे डीसी करणाऱ्या पूर्ण तरंग रेक्टिफायरमधून गेल्यावर मात्र ती दुप्पट होते. त्यामुळे मुख्य डीसी पुरवठ्यातली लहर, म्हणजे रिपल, १०० किंवा १२० हर्ट्झची असते.

नेहमीप्रमाणे सूर लावलेल्या गिटारच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा जी ९८ हर्ट्झचा असतो. ५० हर्ट्झच्या देशात ॲम्पचा हम या स्वराशी जवळजवळ जुळला, तर संशय फिल्टर कॅपॅसिटरवर किंवा असमान पॉवर ट्यूबवर (स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्यूबवर) घ्यावा. तो याच स्वराच्या एक सप्तक खाली जुळला, तर फिलामेंटकडे, ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राकडे किंवा बायसच्या (पॉवर ट्यूबचा प्रवाह ठरवणाऱ्या ऋण दाबाच्या) पुरवठ्याकडे पाहावे. ६० हर्ट्झच्या देशात १२० हर्ट्झचा स्वर पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पडद्यांच्या मधोमध येतो. तिथे तार किंचित ताणून तो सापडतो.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. आठ इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ क्षीणच उमटतो आणि त्याची दुप्पट वारंवारता कानाला अधिक जाणवते, त्यामुळे शक्य असल्यास ॲम्प मोठ्या स्पीकर कॅबिनेटला जोडून ऐकावे. त्या कॅबिनेटचा इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) ॲम्पला साजेसा असला पाहिजे. आवाज गोल आणि खोल न वाटता त्याला करवतीसारखी धार असेल, तर तो हमपेक्षा बझ आहे आणि त्याची कारणे बहुधा ग्राउंडिंगमध्ये, शिल्डिंगमध्ये किंवा खोलीतल्या दिव्यांमध्ये सापडतात.

दोष गिटारमध्ये आहे की ॲम्पमध्ये?

केबल ॲम्पच्या इनपुटमधून काढावी. हम नाहीसा झाला, तर ॲम्पला दोष देण्याचे कारण उरत नाही. सिंगल कॉइल पिकअप आसपासचे चुंबकीय क्षेत्र अँटेनासारखे पकडतात. गिटार घेऊन जागच्या जागी वळल्यावर आवाज कमीजास्त होत असेल, तर तो पिकअपमधूनच येत आहे. हाच त्रास घालवण्यासाठी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी उलट्या जोडणीच्या दोन कॉइलचा हंबकर तयार केला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वाजवणाऱ्याने तारांना हात लावताच बझ कमी होणे हेही सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये नेहमीचेच आहे. हात लावल्यावर तो वाढत असेल, तर मात्र गिटारमधली ग्राउंडची जोडणी तपासावी.

काहीही जोडलेले नसताना हम येतो, पण केबल लावली की थांबतो. असे का?

बहुतेक गिटार ॲम्पच्या इनपुट जॅकमध्ये एक पत्ती असते. प्लग नसताना ती इनपुटला ग्राउंडशी जोडून ठेवते. वर्षानुवर्षांच्या हवेने ती काळी पडली, की जोडणी तुटते आणि पहिल्या ट्यूबचा ग्रिड, म्हणजे सिग्नल जिथे येतो ते टोक, मोकळा राहून सगळीकडचा आवाज गोळा करू लागतो.

माझ्याकडे एकदा असाच एक ॲम्प आला होता. त्याच्या मालकाने प्रीॲम्पच्या (सुरुवातीच्या टप्प्यांच्या) ट्यूब दोनदा बदलल्या होत्या. आतल्या आत शॉर्ट केलेला एक प्लग इनपुटमध्ये घातला आणि हम तत्काळ थांबला. मग कॉन्टॅक्ट क्लीनरने ओली केलेली जाड कागदाची पट्टी जॅकच्या पत्तीखालून तीन वेळा ओढली; पहिल्या वेळी कागदावर पेन्सिलने ओढावी तशी काळी रेघ उमटली, तिसऱ्या वेळी कागद जवळजवळ पांढराच राहिला. दुरुस्ती एवढीच होती. शॉर्ट केलेला प्लग ही प्रत्येक ॲम्पमालकाने जवळ ठेवावी अशी वस्तू आहे.

व्हॉल्यूमचा नॉब फिरवल्यावर हम बदलतो की नाही, यावरून काय कळते?

हमचा उगम नॉबच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्यावरून कळते. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर हम पूर्णपणे जात असेल, तर तो त्या नॉबच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे पहिल्या ट्यूबमध्ये, तिच्या फिलामेंटमध्ये, इनपुटच्या वायरमध्ये किंवा त्या टप्प्याच्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये शिरत आहे. नॉब कुठेही असला तरी हम तेवढाच राहत असेल, तर कारण पुढे आहे: फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन परस्परविरुद्ध प्रती करणारा टप्पा), पॉवर ट्यूब, बायस किंवा मुख्य पुरवठा. दोन चॅनेल असलेल्या ॲम्पमध्ये हम एकाच चॅनेलवर येत असेल, तर दोन्ही चॅनेलना सामाईक असलेले भाग बहुतेक वेळा निर्दोष ठरतात.

ट्यूब काढून हमची जागा कशी शोधावी?

१२एएक्स७ सारख्या प्रीॲम्प ट्यूबचे फिलामेंट समांतर जोडलेले असतील, तर एक ट्यूब काढल्याने बाकीच्यांवर परिणाम होत नाही. ॲम्प बंद करावा, काच निवू द्यावी, पॉवर ट्यूबच्या सर्वांत जवळची छोटी ट्यूब, म्हणजे फेज इन्व्हर्टर, काढावी आणि ॲम्प पुन्हा सुरू करावा. हम तसाच राहिला, तर तो पॉवर ट्यूबमध्ये किंवा पुरवठ्यात आहे. तो गेला, तर ती ट्यूब परत बसवून तिच्या आधीची काढावी आणि असे करत इनपुटकडे सरकावे. जी ट्यूब काढल्यावर हम जातो पण तिच्या आधीची काढल्यावर जात नाही, ती ट्यूब किंवा तिच्या भोवतालचे भाग संशयित आहेत. तिथे चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी ट्यूब लावून पाहावी. फिलामेंट आणि त्याने तापणारा कॅथोड यांच्यामध्ये गळती असलेली ट्यूब असेल, तर प्रश्न तिथेच सुटतो.

फिल्टर कॅपॅसिटर खराब झाले आहेत, हे कसे ओळखावे?

फिल्टर कॅपॅसिटरचे काम टाकीसारखे असते: रेक्टिफायरमधून ठोक्याठोक्याने येणारा प्रवाह साठवून तो पुढे संथपणे सोडणे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असते. ते वर्षांगणिक सुकते, तशी कॅपॅसिटरची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. वीस-तीस वर्षे झालेल्या फिल्टर कॅपॅसिटरवर विश्वास ठेवू नये. साठच्या दशकातल्या ॲम्पमध्ये मूळचेच कॅपॅसिटर असतील, तर हम येत नसला तरी ते बदलावेत, कारण त्यांतला एक शॉर्ट झाला तर रेक्टिफायर आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर त्याच्यासोबत जाऊ शकतात.

काही खुणा डोळ्यांना दिसतात. कॅपॅसिटरच्या टोकाचे रबर फुगून बाहेर आलेले असते, त्याच्या कडेला मिठाच्या खड्यांसारखा पांढुरका थर जमलेला असतो, किंवा कागदी आवरणावर तपकिरी ओघळ सुकलेला असतो. कोणतीही खूण नसली, तरी कॅपॅसिटर चांगला आहे असे त्यावरून ठरत नाही. बाहेरून नवा वाटणारा कॅपॅसिटर मोजल्यावर निकामी निघणे नेहमीचे आहे.

मोजमापाची रीत अशी आहे: या कामासाठी सुरक्षित असा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक फिल्टर कॅपॅसिटरच्या दोन टोकांमधला रिपल पाहावा. काही मीटर एसीसोबत डीसीही मोजतात. तसे असल्यास मध्ये पुरेशा व्होल्टेजचा छोटा फिल्म कॅपॅसिटर घालावा. पहिल्या कॅपॅसिटरवर काही व्होल्टचा रिपल असणे स्वाभाविक आहे. चोक (गाभ्यावरचे तारेचे वेटोळे) आणि रेझिस्टर ओलांडत पुढे जावे तसा तो झपाट्याने उतरला पाहिजे आणि प्रीॲम्पच्या टप्प्यावर मिलिव्होल्टांत आला पाहिजे. ज्या ठिकाणी तो उतरत नाही, तिथला कॅपॅसिटर गेला आहे. चालू ॲम्पमध्ये नवा कॅपॅसिटर हाताने समांतर टेकवून पाहण्याची जुनी सवय काही दुरुस्तीकारांना आहे. ती धोकादायक आहे आणि मी ती कुणालाही सुचवणार नाही.

नवे कॅपॅसिटर मूळपेक्षा मोठ्या क्षमतेचे घातले तर हम आणखी कमी होईल का?

थोडा होईल, पण त्याची किंमत मोजावी लागते. ट्यूब रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कॅपॅसिटरला मर्यादा असते. जीझेड३४ साठी ती ६० मायक्रोफॅरड आहे आणि ५वाय३ सारख्या लहान ट्यूबसाठी त्याहून बरीच कमी. मर्यादा ओलांडली, की प्रत्येक ठोक्याला रेक्टिफायरमधून मोठा प्रवाह ओढला जातो आणि ट्यूबचे आयुष्य घटते. शिवाय जोरात वाजवल्यावर पुरवठा किंचित खाली बसतो आणि स्वराला जो लवचीक मऊपणा मिळतो, तोही कमी होतो. अनेक जण जुना ॲम्प जपतात तो त्यासाठीच. म्हणून १६ मायक्रोफॅरडच्या जागी २० किंवा २२ घालणे ठीक आहे, १०० नव्हे. व्होल्टेजची क्षमता मूळपेक्षा कमी कधीही नसावी. काढलेले मूळ भाग एका पाकिटात घालून, कुठला भाग कुठे होता हे लिहून, ॲम्पसोबत ठेवावेत. पुढच्या मालकासाठी आणि पुढच्या तंत्रज्ञासाठी तो इतिहास मोलाचा असतो.

अनेक वर्षे बंद असलेला ॲम्प हळूहळू व्होल्टेज वाढवत सुरू केला तर कॅपॅसिटर सुधारतात का?

बंद पडून राहिलेल्या कॅपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर काही प्रमाणात पुन्हा तयार होतो, हे खरे आहे. पण सुकलेले रसायन परत येत नाही. ट्यूब रेक्टिफायर असलेल्या ॲम्पमध्ये तर ठरावीक व्होल्टेजपर्यंत रेक्टिफायर वाहतच नाही, त्यामुळे व्हेरिअॅकने (व्होल्टेज हवे तसे बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सावकाश चढण्याचा हेतू साध्य होत नाही. अशा ॲम्पच्या पहिल्या सुरुवातीला ६० ते १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मेन्सच्या वाटेत एकसरीने जोडावा. तो लखलखीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे हे फ्यूज न उडता कळते.

फिलामेंटमधून येणारा हम कसा कमी करावा?

फिलामेंटना ६.३ व्होल्टचा एसी पुरवठा असतो आणि त्याच्या दोन वायर एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या, कोपऱ्याला धरून, ग्रिडच्या वायरपासून लांब असाव्या लागतात. या पुरवठ्याचा मध्य ग्राउंडशी जोडलेला असणे आवश्यक आहे. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यासाठी मधली वायर असते. इतरांत १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून कृत्रिम मध्य तयार केलेला असतो. पॉवर ट्यूब आत शॉर्ट झाली, की हे छोटे रेझिस्टर बळी जातात. ट्यूब बदलल्यावर ॲम्प वाजू लागतो, पण पूर्वी नसलेला हम मागे राहतो.

तपासणी सोपी आहे. ॲम्प बंद असताना फिलामेंटच्या कोणत्याही वायरपासून चासीपर्यंतचा रोध मोजावा. मीटर सुमारे ५० ओहम दाखवत असेल, तर दोन्ही रेझिस्टर शाबूत आहेत, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून ते समांतर दिसतात. १०० ओहम दिसले, तर एक तुटला आहे. काहीच जोडणी दिसली नाही, तर दोन्ही गेले आहेत. काही ॲम्पमध्ये मागच्या बाजूला हम बॅलन्सचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, असतो. तो सावकाश फिरवून आवाज सर्वांत कमी होईल तिथे ठेवावा आणि ट्यूब बदलल्यावर पुन्हा जुळवावा.

पॉवर ट्यूब आणि बायस यांचा हमशी काय संबंध?

पुश-पुल (पॉवर ट्यूब जोडीने आळीपाळीने काम करतात अशा) ॲम्पमध्ये पुरवठ्यातला रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन भागांत विरुद्ध दिशांनी जातो आणि एकमेकांना छेदतो. दोन ट्यूबचा प्रवाह सारखा नसेल, तर हे छेदणे अपुरे राहते आणि १०० किंवा १२० हर्ट्झचा हम उरतो. एक ट्यूब निकामी झाल्यावर हम अचानक वाढतो तो याचमुळे. जुळवलेली जोडी घालावी आणि फिक्स्ड बायस असल्यास बायस पुन्हा मोजावा.

बायस पुरवणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो सहसा अर्ध तरंग रेक्टिफायरवर चालतो, म्हणून त्याचा रिपल मूळ ५० किंवा ६० हर्ट्झचा असतो आणि त्याला चुकून फिलामेंटचा हम समजले जाते. तो सुकला की ऋण बायसही घटतो आणि ट्यूबच्या प्लेट लाल तापू शकतात. मोठे कॅपॅसिटर बदलताना हाही बदलावा.

ग्राउंडच्या जोडण्यांमध्ये काय पाहावे?

चासीला थेट दिलेले सोल्डरचे डाग पन्नास वर्षांत बारीक तडकतात. बोटाने वायर हलवल्यावर ते हलताना दिसतात. चासीवर डाग देण्यासाठी जड, भरपूर उष्णता देणारी सोल्डरिंग आयर्न लागते, अन्यथा डाग कोरडा राहतो. पॉटचे आणि जॅकचे नट ढिले झाले असतील तर आवळावेत, कारण कित्येक ॲम्पमध्ये ग्राउंड त्यांच्यामधूनच जातो. कॅपॅसिटर बदलल्यानंतर धारदार बझ सुरू झाला असेल, तर पहिल्या कॅपॅसिटरचे ऋण टोक प्रीॲम्पच्या ग्राउंडवर जोडले गेले आहे का, हे पाहावे. ते पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरशीच आधी जुळले पाहिजे.

दोन वायरचा मूळ मेन्स कॉर्ड असलेल्या ॲम्पमध्ये मेन्सपासून चासीपर्यंत एक कॅपॅसिटर आणि सोबत ग्राउंडचा स्विच असतो. तो कॅपॅसिटर शॉर्ट झाला, तर चासीवर आणि गिटारच्या तारांवर मेन्स येते. तो काढून टाकावा आणि अर्थिंगसह तीन वायरचा कॉर्ड बसवावा. मूळपणा जपण्याच्या आग्रहाला इथे स्थान नसावे.

दोन ॲम्प एकत्र जोडल्यावरच हम येतो. एकाची अर्थिंगची पिन काढावी का?

कधीही नाही. दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडले गेल्याने जे वर्तुळ बनते, ते सिग्नलच्या केबलमध्ये तोडावे: ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर वापरावा. दोन्ही ॲम्प एकाच प्लग पॉइंटवरून चालवल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

हम फक्त रिव्हर्ब वाढवल्यावर येतो.

रिव्हर्बच्या पेटीतली आउटपुट कॉइल अतिशय संवेदनशील असते. ती पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ आली असेल, तर पेटी उलट बसवली गेली आहे का ते पाहावे. दोन आरसीए केबलची बाहेरची जाळी तुटलेली असणे हे दुसरे नेहमीचे कारण आहे.

स्पीकर शांत आहे, पण चासी स्वतःच गुणगुणते. हे काय आहे?

ते ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचे यांत्रिक कंपन आहे. ते स्टँडबायवरही (ट्यूब तापलेल्या पण मुख्य डीसी पुरवठा तोडलेला असतानाही) ऐकू येते. बोल्ट आवळल्याने ते बहुधा कमी होते. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला, तर तो अधिक तापतो आणि त्याचे बाहेर पसरणारे क्षेत्रही वाढते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी वारंवारता बदलत नाही, हे दूर देशातून ॲम्प आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तो उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही ॲम्पपासून आणि गिटारपासून लांब ठेवावा.

किती हम स्वाभाविक मानावा?

हे ॲम्पच्या रचनेवर अवलंबून आहे. फेंडर चॅम्पसारख्या एकाच पॉवर ट्यूबच्या ॲम्पमध्ये रिपल छेदला जात नाही, म्हणून थोडा हम कायम राहतो. व्हॉक्स एसी३० मध्ये पॉवर टप्प्याभोवती निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलट करून परत देणे) नसल्याने तिथला हम दाबला जात नाही. ज्या ॲम्पमध्ये फीडबॅक असायला हवा, त्यात हम वाढला असेल, तर मात्र फीडबॅकची वायर सुटलेली असू शकते. नॉब नेहमीच्या वाजवण्याच्या जागी ठेवून, स्पीकरपासून दोन-तीन पावलांवर उभे राहिल्यावर हळू वाजवलेल्या स्वराच्या मागे हम ऐकू येत असेल, तर शोध सुरू ठेवावा. स्पीकरच्या कापडाला कान लावल्यावरच तो ऐकू येत असेल, तर ॲम्प बंद करून चासी पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवावी आणि बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावी.